दहापैकी नऊ

टीव्हीवर पोलिसांच्या गोळीबाराची बातमी आली की कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी मला एक प्रश्न ठरलेला असतो. तळमजल्यावर गणिताचे क्लास घेणारे सर तो विचारतात. "काय हो फौजदार, पायावर नाही का मारता येत गोळी?"

आधी मी हसून सोडून द्यायचो. आता माझं डोकं फिरतं. गेल्या महिन्यात मी सरांना म्हटलं, "चार मजले धावत चढा, धावत उतरा. धापा टाकत उभे राहा आणि सुईत दोरा ओवा. तुम्ही ओवत असताना मी कोयता घेऊन अंगावर येतो." सर क्लासचं दार ओढून आत गेले. पण माझा राग सरांवर नव्हता हे मला घरी आल्यावर कळलं. बायकोनं चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "ज्यांना बोलायचं त्यांना बोलला नाहीत, आता शेजाऱ्यांना बोला." ती खरं तेच बोलली होती. म्हणून हे लिहायला बसलोय.

नोकरीतली शेवटची अठरा वर्षं मी पोलिसांना गोळी चालवायला शिकवलं. आमच्याकडे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. निवृत्त होताना खांद्यावर फौजदाराचे तारे होते, पण अजून बाजारात कोणी मागून "उस्ताद" म्हणून हाक मारली तरच मी वळतो.

आमची शाळा म्हणजे रेंज. डोंगराच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे लाकडी चौकटीत कागदी माणूस, आणि लांब काठीवर लाल झेंडा. झेंडा वर असला की आसपासच्या गुराख्यांनी तिकडे फिरकायचं नाही. पोलीस शिपाई वर्षातून एकदा तिथे येतो. त्याला दहा गोळ्या मिळतात. हुकूम हिंदीतून सुटतो, शिट्टी वाजते, तो झाडतो. मग कागदावरची भोकं मोजायची, रिकाम्या पुंगळ्या गोळा करून जमा करायच्या, रजिस्टरात नावापुढे आकडा लिहायचा. पाचच्या खाली आकडा आला तर त्या माणसाला पिस्तूल मिळत नाही. त्यानं पुन्हा यायचं, पुन्हा शिकायचं. पाच किंवा वर आला की झालं, वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आता यात गंमत बघा. तो कागदी माणूस कधी हलत नाही. त्याच्या हातात काय आहे हे बघायची गरज नसते. त्याच्यावर गोळी झाडायची की नाही, हा प्रश्नच कोणी विचारत नाही, कारण झाडायचीच असते, ती पण शिट्टी वाजल्यावर. खऱ्या जागी शिट्टी कोण वाजवणार? खऱ्या जागी कान बंद होतात, तोंड कोरडं पडतं, आणि नजर एका जागी अशी चिकटते की बाजूला हत्ती उभा असला तरी दिसत नाही. अठरा वर्षं मी माणसांना बोट कसं दाबायचं ते शिकवलं. बोट कधी दाबायचं नाही, त्याला आमच्या तासात जागा नव्हती.

आणि खातं कसं शिकतं तेही सांगतो. एका पोलीस ठाण्यात ड्युटी संपवून आलेल्या शिपायानं रायफल रिकामी करताना टेबलावर ठेवून घोडा ओढला. नळीत एक गोळी राहिली होती. ती समोरच्या कपाटातून, कपाटातल्या सतरा फायलींतून भिंतीत गेली. माणूस कोणी मेला नाही हे नशीब. महिन्याभरात पत्रक आलं की प्रत्येक ठाण्यात दाराशी वाळूची पेटी ठेवावी आणि हत्यार त्या वाळूत नळी धरून रिकामं करावं. उत्तम कल्पना होती, मी स्वतः पेट्या पोचवल्या. पण पेटीसमोर उभं राहून नेमकं काय करायचं, आधी मॅगझिन काढायचं की आधी नळी बघायची, हे शिपायांना दाखवायला मला एक दिवस मागूनही मिळाला नाही. वर्षानं त्याच ठाण्यात गेलो तर पेटीत कोणीतरी कोरफड लावली होती. चांगली फोफावली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी पेटी आहे एवढं बघितलं आणि बरोबर अशी खूण केली.

मी त्या कोरफडीचा किस्सा पुष्कळदा सांगून लोकांना हसवलं आहे. त्याच काळात मी स्वतः काय करत होतो, ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

पनवेल भागात बंदोबस्त काही संपत नाही. विमानतळाच्या जागेवर मोर्चा, मोठ्या पाहुण्याचा दौरा, गणपती, निवडणूक. रेंजचा दिवस ठरतो आणि त्याच दिवशी निम्मी माणसं दुसरीकडे उभी असतात. संध्याकाळ व्हायला लागते. यादीत सात-आठ नावं कोरी असतात आणि त्यांच्या गोळ्या पेटीत शिल्लक असतात. गोळ्या परत नेल्या तर वरून विचारणा, पुढच्या वर्षी कमी मिळणार. शिपायाचा सराव राहिला तर त्याला नोटीस. तो बिचारा तर खात्याच्याच कामावर उन्हात उभा. मग काय करायचं, तर ज्याचा हात चांगला त्यानं बाकीच्यांच्या नावावर झाडायचं. याला आम्ही बदली फायर म्हणायचो. हे उघड गुपित होतं. माझ्या आधीचे उस्ताद करायचे, त्यांच्या आधीचेही करत असतील. आम्हाला ती माणुसकी वाटायची.

माझा हात चांगला होता. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माजही होता. एकामागून एक सात जणांच्या गोळ्या झाडायचो आणि कोणाला किती द्यायचे ते आधीच ठरवायचो. आळशी माणसाला सहा. ज्याच्याशी वाकडं त्याला पाच, काठावर. दहाला दहा कोणालाच नाही, ते डोळ्यावर येतं. आणि जो आवडता, त्याला नऊ.

हरेश माझा आवडता होता. उलव्याकडचा आगरी मुलगा, वडील खाडीत मासेमारी करायचे, जमीन विमानतळात गेली आणि हा पोलिसात आला. शिकाऊ असताना सगळ्यात जास्त प्रश्न हाच विचारायचा. एकदा रेंजवर विचारलं होतं, "उस्ताद, समोरचा हात वर करून उभा राह्यला पण हातात काय हाय ते दिसत नाय, तं काय करायचं?" मी म्हटलं होतं, "आधी नेम शीक, मग अक्कल शिकव." सगळे हसले. तोही हसला. नंतर सलग चार वर्षं तो रेंजवर आला नाही, कारण कामाचा माणूस म्हणून प्रत्येक बंदोबस्ताला त्याचंच नाव पुढे. चारही वर्षं त्याच्या नावापुढे मी माझ्या हातानं नऊ लिहिले.

मग नेऱ्याचं प्रकरण झालं. माझी नोकरी एक वर्ष उरली होती.

नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली शेतघरं आहेत. त्यांतल्या एकात घरफोड्या करणारी टोळी लपल्याची खबर होती. भर दुपारी एक अधिकारी आणि तीन शिपाई गेले, हरेश त्यांत होता, कमरेला पिस्तूल. बाकीचे पुढच्या दाराला आणि त्याला एकट्याला मागे पाठवलं. मागे आंब्याची बाग. झाडाआडून एक माणूस निघाला. तोंडाला फडकं गुंडाळलेलं, हातात लांब लोखंडी नळी, आणि ती नळी हरेशकडे वळलेली. हरेश "थांब" म्हणून ओरडला. माणूस चालत राहिला. हरेशनं गोळी झाडली.

तो नामदेव होता, शेतघराचा राखणदार, जवळच्या कातकरी वाडीतला. आंब्याला औषध फवारत होता. हातात फवारणीच्या पंपाची नळी होती. औषध नाकात जाऊ नये म्हणून फडकं बांधलेलं. मागे पंपाचं इंजिन धडधडत होतं, त्यामुळे त्याला काही ऐकू आलं नाही. गोळी मांडीतून गेली. जीव वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. घरफोडे त्या शेतघरात नव्हतेच.

चौकशी लागली. मला रजिस्टर घेऊन बोलावलं. चौकशी करणारे साहेब सभ्य होते, त्यांनी मला खुर्ची दिली. पान उघडून बोट ठेवलं. "हा नऊचा स्कोअर बरोबर आहे?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोललो, "रजिस्टरमध्ये आहे तो बरोबरच आहे, साहेब."

"चारही वर्षं?"

"हो साहेब."

बाहेर व्हरांड्यात हरेश बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे न बघता निघालो होतो, त्यानंच थांबवलं. म्हणाला, "उस्ताद, तुमी काय बोलू नका. तुमचं एक वरीस राह्यलंय. आणि तुमी बोललात तं सगल्यांचीच रजिस्टरं उघडतील. माझं काय होयाचं ते होईल." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरलो. बोललो असतो तर माझ्यावर कारवाई झाली असती, हे खरं. पण बोलायला त्यानंच नको म्हटलं असं मी पुढे तीन वर्षं स्वतःला सांगत राहिलो, त्याची मला जास्त लाज वाटते.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की सदर शिपाई सलग चार वर्षं उत्तम नेमबाज आहे, गोळी नियमाप्रमाणे कमरेच्या खाली लागली आहे, सबब प्रशिक्षणात त्रुटी आढळत नाही, चूक सर्वस्वी व्यक्तिगत आहे. हरेशला बडतर्फ केलं. फाईल बंद झाली.

गोळी नियमाप्रमाणे लागली, हे वाचून मी घरात पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. हरेशनं मला आधीच सांगितलं होतं. त्यानं मांडीवर नेम धरलाच नव्हता. "छातीवर धरला, उस्ताद. दुसरं काय सुचलाच नाय." चार वर्षं हाताला सराव नव्हता, म्हणून नेम चुकला, म्हणून नामदेव जिवंत राहिला. माझे नऊ जर खरोखरच हरेशचे असते तर त्या दिवशी बागेत मुडदा पडला असता. आणि अहवालाप्रमाणे प्रशिक्षण उत्तम होतं.

मी नेऱ्याला गेलो. नामदेव अंगणात काठी टेकून उभा होता. पोलीस म्हटल्यावर त्याची बायको आत निघून गेली. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी काय झालं ते मला दाखव. त्याला नवल वाटलं. म्हणाला, "कोनी इचारला नाय. दवाखान्यात येऊन अंगठा घेऊन गेले." मग त्यानं दाखवलं. काठी नळीसारखी धरली. तो खाली बघून चालत होता, पायात पंपाचा पाइप अडकू नये म्हणून. वर बघितलंच नव्हतं. "मना वाटला साप चावला. खाली बघितला तं रगत." काठी पुन्हा जमिनीवर टेकून म्हणाला, "तो तुमचा पोलीस रडत व्हता. माझाच फडका सोडून माझ्या पायाला त्यानंच बांधला."

मी अंगणात पावलं मोजली. पंधरा. बागेत दोघांच्या मध्ये, जरा बाजूला, आंब्याचं जाड खोड होतं. हरेश दोन पावलं बाजूला सरकून त्या खोडाआड गेला असता तर त्याला बघायला वेळ मिळाला असता. चेहरा झाकलेला आहे तर हात बघ. आवाज पोचत नाही तर हातानं खूण कर. आणि एकट्या माणसाला मागच्या बाजूला पाठवू नका. एवढंच शिकायचं होतं, आणि ते शिकायला एका माणसाचा पाय गेला होता. तेवढी किंमत देऊनही आम्ही ते शिकलो नाही. मी चार पानं लिहून वर पाठवली. उत्तर आलं, "नोंद घेण्यात आली." त्या चार पानांत बदली फायरबद्दल एक ओळ नव्हती. ती मीच गाळली होती.

निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल मिळाली. हरेशनं बडतर्फीविरुद्ध अपील केलं, ते आजही चालू आहे.

या वर्षी रेंजवरून बोलावणं आलं. हल्ली तिथे वैशाली उस्ताद आहे, हवालदार, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं खटपट करून माझी ती चार पानं कुठूनतरी मिळवली होती. कागदी माणसांबरोबर तिनं एक चौकट नवी केली होती, त्यात तोंडाला फडकं बांधलेला माणूस आणि हातात फवारणीची नळी. शिकणाऱ्यानं आधी आडोसा घ्यायचा, हात बघायचे आणि गोळी झाडायची नाही. जो झाडेल तो नापास. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे नापास झाले. ती त्यांना ओरडली नाही, एकेकाला परत आणून विचारत होती, "काय दिसलं? अजून काय दिसलं?" मला इतकं बरं वाटलं की मी टोपी काढून डोळे पुसले.

संध्याकाळ झाली. चहा घेत मी सवयीनं रजिस्टर ओढलं. एका बाईचं नाव होतं, पुढे नऊ. ती बाई मला दिवसभरात दिसली नव्हती.

"ही कुठे होती?" मी विचारलं.

"विमानतळाच्या बंदोबस्ताला, उस्ताद. रेंज चुकायचं सलग तिसरं वर्ष आहे तिचं. सराव राहिला असता तर नोटीस लागली असती," वैशाली म्हणाली.

"मग हे नऊ कोणी मारले?"

"मीच." तिच्या आवाजात ओशाळेपण नव्हतं, थोडी ऐटच होती. मला तो सूर ओळखीचा होता.

मी खिशातलं पेन काढलं आणि तिच्याशी न बोलता त्या नवावर आडवी रेघ मारली. समोर लिहिलं, गैरहजर. वैशालीचा चेहरा उतरला. तिनं रजिस्टर माझ्या हातातून सावकाश काढून घेतलं आणि मिटलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "हरेशदादाचे नऊ कोणी मारले होते?"

मी पेनाला टोपण लावलं.

"आम्हाला सगळ्यांना माहितीय. त्या रजिस्टरमध्ये कोण रेघ मारणार?"

रिक्षानं कामोठ्याला येईपर्यंत मला तिचा राग येत होता. घराच्या जिन्यावर तो उतरला. दुसऱ्या दिवशी मी उलव्याला गेलो. हरेश तिथे एका अर्धवट उभ्या टॉवरच्या फाटकावर राखणदार आहे, हातात काठी आणि शिट्टी. मला बघून त्यानं टाचा जोडल्या. मी म्हटलं, तुझ्या वकिलांकडे ने मला.

वकीलबाई पनवेलला बसतात. मी सगळं सांगितलं, त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. मध्ये त्यांनी पेन थांबवलं. "दर वर्षी दहातल्या नऊ गोळ्या तुम्ही मारल्या म्हणता. मग चुकलेली दहावी यांची होती का?"

"नाही. तीही माझीच. मुद्दाम बाहेर मारायचो, आकडा खरा वाटावा म्हणून."

त्यांनी तेही लिहिलं. यापुढे माझं काय व्हायचं ते होईल, ते मी वाचकांना सांगून सहानुभूती मागत नाही. कागद माझ्यापुढे आला. हरेश शेजारच्या खुर्चीत होता, राखणदाराच्या गणवेशाची निळी टोपी मांडीवर ठेवून. मी त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांत तो मला एका शब्दानं वाकडं बोलला नव्हता.

"उस्ताद," तो म्हणाला, "तुमी तवा मना चार दिले असते ना, तं मी नापास झालो असतो. पिस्तूल मिललाच नसता मना."

मी सही केली.